तांबरवाडी फाट्यावरचा निवारा

"तुमच्यात कुणी पायाळू हाय का?" बब्रुवाननं विचारलं.

दोन्ही हात बॉनेटवर टेकून तो कमरेत वाकला होता आणि तसाच राहिला होता. सकाळी टपावरच्या पेट्या उतरवताना त्याच्या कमरेत उसण भरली. तेव्हापासून आमचा हा ड्रायव्हर बसला की उठताना कण्हायचा आणि उठला की बसताना.

"पायाळू म्हणजे?" शर्वाणीनं पत्ते पिसता पिसता विचारलं. ती ठाण्याची.

"जे पायाकडनं जन्माला येतं ते. डोकं आधी न्हाई, पाय आधी. त्यानं कमरंत लाथ घातली की उसण जाती."

"लाथ मी घालतो की," इम्तियाज म्हणाला. "मी डोक्याकडून आलोय, पण लाथ नीट बसेल."

"तुमची नगं. पत्त्याचा डाव बसत न्हाई तुमचा, लाथ कुठनं बसायची."

खांबेटे सर निवाऱ्याच्या बाकावर आडवे झाले होते. तोंडावर ओला टॉवेल. टॉवेलाखालूनच ते म्हणाले, "पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. माझी आजी सांगायची."

"म्हणे न्हाई सर, पडतीच. म्हणून वळवाच्या दिवसांत पायाळू माणूस मी गाडीत घेत न्हाई. खाली उभं राहून लाथ मारायची, आन् आपल्या वाटंनं जायचं."

सगळे हसले. मीही हसले. मग चहाचे कप गोळा केले आणि ते विसळायला हापशावर गेले. दोन कप आधीच स्वच्छ होते.

आम्ही वादळांच्या मागावर आलो होतो. हवामानशास्त्राचं आमचं शेवटचं वर्ष. वैशाखात बालाघाटच्या पठारावर दुपारी जमीन तव्यासारखी तापते, ढग बघता बघता चढतात, आणि गारा, विजा, वारा, सगळा गोंधळ तासाभरात आटोपून आभाळ पुन्हा निवांत होतं. असलं वादळ कुठे उठतं, कुठे वळतं, ते त्याच्या मागे गाडी घालून मोजायचं होतं. प्रत्यक्षात वादळाच्या मागे धावणं म्हणजे बसून राहणं असतं, हे मात्र निघताना कुणी सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या गावात एका लॉजवर आमचा मुक्काम होता. रोज सकाळी पोह्यांवर हात मारायचा, गाडीत बसायचं आणि कुठे आशा दिसते का बघत रस्ते तुडवायचे. जवारीची कापलेली रानं, दगडांचे बांध, मध्येच एखादं कलिंगडाचं दुकान. दुपार झाली की तांबरवाडी फाट्यावर येऊन टेकायचं.

ही जागा सरांना आवडली होती. फाटा जरा उंचवट्यावर होता. एसटीसाठी बांधलेला निवारा, वर पत्रा, मागे एक जुना लिंब आणि चारी दिशांना मोकळं रान. आभाळ ताटात वाढल्यासारखं समोर. गाव खाली, हाकेच्या अंतरावर. इम्तियाज लॅपटॉप घेऊन गाडीच्या टपावर चढायचा, कारण रेंज तिथेच यायची, आणि वरून बातमी द्यायचा, "काही नाही. निळंशार." ती तो अशा आवाजात द्यायचा की जाणारे येणारे सांत्वनाला थांबतील.

एक म्हातारबाबा एकदा थांबलेही. सायकल बाजूला लावून त्यांनी आमच्या पेट्या, तारा, वारा मोजायची भिंगरी, सगळं पाहिलं.

"गारा आणायला आलाव का तुमी?"

"नाही हो बाबा. बघायला आलोय."

"माझी केशर आंब्याची झाडं हायती खाली. बगा, पर दुसऱ्याच्या गावात बगा," असं म्हणून ते निघून गेले.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही पत्ते खेळत होतो. पश्चिमेला खूप लांब कुठेतरी गुरगुर झाली होती. सरांनी टॉवेल काढून तिकडे पाहिलं आणि "मरेल ते," असं म्हणून पुन्हा डोळे मिटले. खाली गावात मात्र आयांच्या हाका सुरू झाल्या. "आत या रे, गुरगुरतंय." "ए पिंट्या, आत ये म्हणते ना." भांड्यांचे, दारांचे आवाज. आणि त्याच वेळी गावातून बाहेर येणाऱ्या वाटेनं एक बाई झपझप चढ चढत येत होती. कडेवर तीनेक वर्षांची मुलगी, काखेत घडी केलेलं पोतं.

निवाऱ्यात आम्ही आहोत हे पाहून ती थबकली. शर्वाणीनं जागा करून दिली. बाकाच्या टोकाला पोतं अंथरून ती बसली, मुलीला मांडीत घेतलं आणि पदर तिच्या डोक्यावरून ओढला. थोड्या वेळानं एसटी आली. बाई उठली नाही. गुरगुर थांबली तशी तिनं पोतं झटकलं, घडी केली आणि आली तशी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आभाळ कोरडं होतं, ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दक्षिणेला जरा काळवंडलं, तर ही हजर.

"आपण पण असंच करतो," इम्तियाज पुटपुटला. "बहुतेक दुसऱ्या कॉलेजची आहे."

त्या दिवशी मी तिच्या मुलीला कलिंगडाची फोड दिली. मुलीचं नाव गोदी. ती फोड दोन्ही हातांनी धरून एक एक बी बाहेर काढायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. मोठी जबाबदारीची वस्तू सोपवावी तशी. तिच्या उजव्या पायात तांब्याचं जाड कडं होतं. पायाच्या मानानं फारच जड.

"बस कुठली बघता?" मी विचारलं.

"बससाठी न्हाई बसत," ती म्हणाली. गोदी बिया मोजल्यासारखं करत होती. "तुमी पुण्याकडचे. तुमाला न्हाई पटायचं. ही पायाळू हाय."

मी हातातल्या बियांकडे बघत राहिले.

"गेल्या साली गोठ्यावर ईज पडली. दोन म्हशी गेल्या. ही घरातच हुती, पाळण्यात. सासूबाई म्हनल्या, आज म्हशी नेल्या, उद्या घर नेईल. त्यांचं बी काय चुकलं? घरात मानसं हायती, जावंची लेकरं हायती. देवऋष्यानं कडं घालाय लावलं. आन् गुरगुरलं की हिला घराबाहेर घेऊन बसायचं."

"आणि हिचे वडील?"

"कारखान्यावर असतात. आले की गप बसतात."

"पण इथे?" मी वर पाहिलं. वर गंजलेला पत्रा होता आणि त्याच्यावर लिंबाची फांदी टेकली होती. "अहो, इथे तर घरापेक्षा जास्त..."

"मग कुठं जाऊ?" तिनं अगदी सहज विचारलं. तिचं नाव महानंदा, हे तिनं जाताना सांगितलं, मी विचारल्यावर.

ज्या दिवसाची आम्ही वाट बघत होतो तो आला तेव्हा सकाळपासून वारा पडला होता. माणसं उगाच एकमेकांवर खेकसत होती. बब्रुवान पाठीला शेकायची पिशवी बांधून गाडी चालवत होता. जेवणं झाली आणि नैर्ऋत्येला ढग उठला. आधी मुठीएवढा, मग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, कडा कशा तासून काढलेल्या. बघता बघता त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट होऊन पसरू लागला.

"ऐरण धरली," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "हे आपलं. उचला सगळं. पूर्वेला वळसा घालून त्याच्या कुशीला लागायचं."

इम्तियाज टपावरून अक्षरशः घसरत खाली आला. मी भिंगरी उतरवत होते तेव्हा पहिला गडगडाट झाला. लांबून आलेला, पण पायाखालून जाणवलेला. खालून हाका सुरू झाल्या. "आत या रे." "आत ये गं." दारं लागली. आणि वाटेवर ती दिसली. या वेळी पळत येत होती. गोदीचं डोकं तिच्या खांद्यावर आपटत होतं.

ती आली, बाकावर पोतं अंथरलं आणि बसली. नेहमीची जागा. ढग आमच्यावर सरळ चालून येत होता.

"सर," मी म्हटलं, "ह्यांना इथे सोडून नाही जायचं."

सरांनी लिंबाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "अर्थात नाही. बाई, चला, गाडीत बसा. विजेच्या वेळी गाडीसारखी जागा नाही. बाहेरचा पत्रा वीज अंगावर घेतो आणि जमिनीत सोडून देतो. आतल्या माणसाला धक्का नाही."

महानंदा उठली नाही. बब्रुवान दार धरून उभा होता. त्याचं लक्ष गोदीच्या पायातल्या कड्यावर गेलं होतं.

"ते लेकरू गाडीत न्हाई," तो म्हणाला.

"बब्रुवान, वेळ नाहीये."

"सर, तुमी सांगाल तिथं गाडी घालतो. गारांत घातली, वढ्यात घातली. पर मला बी दोन पोरं हायती. पायाळू गाडीत न्हाई."

"जावा तुमी," महानंदा म्हणाली. "आमाला सवय हाय."

पहिली गार पत्र्यावर पडली. गोदीनं वर पाहिलं आणि हसली. तिला वाटलं कुणीतरी वाजवलं.

मी बब्रुवानच्या समोर जाऊन उभी राहिले. त्या घाईत खरं तर ओरडायला हवं होतं, पण मी हळूच बोलले. ओरडायचा धीर नव्हता.

"भाऊ, इतके दिवस एक पायाळू तुमच्या गाडीतूनच फिरतेय."

"कोण?"

"मी."

शर्वाणीनं माझ्याकडे पाहिलं. इम्तियाजच्या तोंडावर विनोद येऊन तिथेच विरला. बब्रुवान माझ्या पायांकडे बघत होता, तिथे काही खूण सापडेल अशा नजरेनं. माझ्या पायांत बूट होते.

"रोज पुढच्या शीटवर," तो म्हणाला.

"रोज."

त्यानं आभाळाकडे पाहिलं. मग दार उघडून बाजूला झाला. "बसा. एक काय आन् दोन काय."

मी गोदीला उचललं. तेव्हा कुठे महानंदा उठली. आम्ही उंचवट्यावरून खाली आलो न आलो तोच गारांनी गाडी झोडपायला घेतली. पुढचं दिसेना. खोलगटात रस्त्याच्या कडेला बब्रुवाननं गाडी थांबवली. टपावर जणू कुणी खडीची गाडी उपडी करत होतं. महानंदानं गोदीला छातीशी घेतलं होतं आणि ती वळून बसली होती, खिडकीकडे पाठ करून, आभाळ आणि लेकरू यांच्या मध्ये आपली पाठ घालून.

ते बसणं मी ओळखत होते. मिरजेच्या घरात वळवाचा गडगडाट झाला की आई मला माजघरात बसवायची आणि स्वतः उंबऱ्यात बसायची, बाहेर पाठ करून. माझे केस विंचरायची, नाहीतर तांदूळ निवडायची. मला वाटायचं, आईला पावसाच्या वाऱ्याला पाठ देऊन बसायला आवडतं.

मग सगळं पांढरं झालं. उजेड आणि आवाज एकदमच आले. त्यांच्यात मोजायला काही अंतरच उरलं नव्हतं. कान बधिर झाले. गोदीचं तोंड रडण्यासाठी उघडलेलं दिसत होतं, आवाज मात्र ऐकू येत नव्हता. बब्रुवान स्टिअरिंगवर डोकं टेकून काहीतरी म्हणत होता.

गारा थांबल्यावर आम्ही वर गेलो. रस्ता पांढरा झाला होता आणि त्यातून वाफा निघत होत्या. लिंब वरपासून खालपर्यंत उभा चिरला होता. अर्धा उभा होता, अर्धा निवाऱ्यावर. पत्रा वाकून बाकाला टेकला होता. बाकाच्या टोकाला तिचं पोतं तसंच अंथरलेलं होतं. त्याच्या एका कोपऱ्यातून बारीक धूर येत होता आणि त्यावर गारा वितळत होत्या.

महानंदा बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं ती आता रडेल, किंवा सरांच्या पाया पडेल. ती म्हणाली, "आलीच."

"बाई," सर म्हणाले. ते चांगले शिक्षक होते. वर्गात बोलावं तसे नाही, शांतपणे बोलले. "हे बघा. इथे आजूबाजूला काही उंच नाही. सगळं सपाट. हे एकच झाड उंच, तेही उंचवट्यावर. वीज उंच वस्तूकडे ओढली जाते. तुमची मुलगी इथे नव्हती, तरी वीज पडली. म्हणजे मुलीचा काही संबंध नाही."

"ओढली जाती," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजे काहीतरी ओढतं तिला."

"झाड ओढतं."

"झाड हितं माज्या लग्नाच्या आधीपास्नं हाय, सर. आजवर कधी न्हाई ओढली. ही हितं बसाय लागली आन् ह्याच साली आली. जागा बी हीच." तिनं पोत्याकडे बोट केलं. "एक कासराभर इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

आम्ही तिला वाचवलं होतं, आणि वाचवता वाचवता तिच्या सासूचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं.

महानंदा माझ्याकडे वळली. "तुमाला कसं सोडलं इजंनं?"

मी खाली माझ्या बुटांकडे पाहिलं.

गावाकडून मोटारसायकल आली. तिचा दीर होता, कोवळ्या मिशांचा, पुढे रेनकोट टाकलेला. "वैनी, बऱ्या हाव ना?" असं विचारतच तो उतरला आणि मग त्याला लिंब दिसला. तो चालायचा थांबला. झाड, वाकलेला पत्रा, धुरकटलेलं पोतं, आणि मग गोदी. गोदी त्याला बघून "काका" म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. रोज मोटारसायकलच्या टाकीवर बसून ती त्याच्याबरोबर चक्कर मारत असणार. तो पुढे आला नाही. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वैनी," तो म्हणाला, "आता घरी कसं नेऊ?"

"नगा नेऊ," महानंदा म्हणाली.

"मी आईला समजावतो. दोन दिस कुठंतरी..."

"दोन दिसांनी काय हुईल? ती पायाकडनंच आलेली असंल की."

त्यानं रेनकोट काढून तिच्या हातात दिला. दुसरं देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. "दादाला सांगतो," एवढं म्हणून तो गेला.

गोदीचे हात बराच वेळ तसेच पुढे होते.

"माहेरी सोडू का?" शर्वाणीनं विचारलं.

"बाळंतपण माहेरीच झालं. आख्ख्या गावाला ठाऊक हाय." ती गाडीच्या पायरीवर बसली, गोदीचा पाय मांडीवर घेतला आणि कडं उगाच फिरवत राहिली. मग मान वर न करता तिनं मला विचारलं, "तुमच्या आईनं काय केलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सर, इम्तियाज, शर्वाणी, बब्रुवान. त्यांच्यासमोर हे सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"काही नाही केलं," मी म्हटलं. "कुणाला सांगितलं नाही."

"सासूला बी?"

"कुणालाच नाही. माझ्या वडिलांनासुद्धा नाही. दवाखान्यात एक नर्स होती, तिचे पाय धरले. तिनं बाहेर येऊन सांगितलं, सगळं सरळ झालं."

"आन् तुमाला?"

"मला आत्ता. इकडे यायला निघाले, बॅग भरत होते, तेव्हा. म्हणाली, मला यातलं काही खरं वाटत नाही, पण तू विजांच्या मागे निघालीस, तर कानावर घालून ठेवते."

"तोवर तुमाला ठाऊकच नव्हतं."

"नव्हतं."

"भ्या वाटायचं न्हाई?"

"मी गच्चीत जाऊन बघायचे. आई उंबऱ्यातून हाका मारायची."

ढग पूर्वेला सरकला होता. त्याच्या मागच्या अंगावर उन्हं पडली होती आणि तो भयंकर सुंदर दिसत होता. आमच्यापैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. एकही आकडा कुणी टिपला नाही.

"सोलापुरात मावसबहीण हाय," महानंदा शेवटी म्हणाली. "चादरीच्या कारखान्यात जाती. तिला एवढंच ठाऊक हाय की मला मुलगी झाली."

आम्ही तिला हमरस्त्यावर नेलं. मी तिच्याशेजारी बसले होते. गोदी शर्वाणीच्या मांडीवर झोपली. इम्तियाजनं एकदा विचारलं, "जिवंत माणसाला विचारावं की नाही माहीत नाही वैजू, पण तुला खरंच कधी काही..." आणि सर म्हणाले, "इम्तियाज, खिडकीबाहेर बघ."

सोलापूरची गाडी येताना दिसली तशी महानंदानं तोंडात बोट घालून ओलं केलं आणि गोदीच्या पायातलं कडं फिरवून फिरवून उतरवलं. झोपेतच गोदीनं पाय आखडला. घोट्याभोवती फिकट वळं उठलं होतं. ते कडं तिनं माझ्या हातात ठेवलं. गोदीनं बिया ठेवल्या होत्या तसंच.

"टाकून नगा देऊ," ती म्हणाली. "फकस्त हिच्या पायात नगं ऱ्हायाला."

"मी विचारायला येईन सोलापूरला. पत्ता..."

"नगा येऊ, ताई." ती माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली. "तुमाला ठाऊक हाय ना. ज्याला ठाऊक हाय त्यानं नगं यायला."

एसटीत चढताना गोदी जागी झाली. मागच्या काचेतून तिचं डोकं दिसलं, मग काच धुरकट झाली.

परतीच्या वाटेवर बब्रुवाननं मध्येच गाडी थांबवली. तो उतरला, माझ्या बाजूला आला, दार उघडलं. मग पाठ फिरवून, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

"भाऊ, हे काय?"

"मारा."

"अहो, तुमचा विश्वास..."

"मारा म्हनतो ना ताई. हळूच."

मी बूट काढला आणि त्याच्या कमरेला पाय लावला. लाथ नव्हतीच ती. तो क्षणभर तसाच वाकून राहिला, मग सावकाश सरळ झाला आणि बाही डोळ्यांवरून फिरवली.

"गेली का उसण?" इम्तियाजनं विचारलं.

"कुनाला सांगनार न्हाई मी," बब्रुवान माझ्याकडे बघून म्हणाला, आणि गाडीत जाऊन बसला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी वादळांच्या मागे कधी गेले नाही. संगणकावर त्यांचे नकाशे काढते. माझी लेकही आडमुठी निघाली, शेवटपर्यंत पाय खाली करूनच राहिली. डॉक्टरांनी पोट उघडून बाहेर काढली. आई दवाखान्यात आली, बाळ बघायच्या आधी मला विचारलं, "कशी आली?" मी म्हटलं, "वरून उचलली." तशी ती खुर्चीत बसली आणि मोठ्यानं हसायला लागली. मग रडली.

तांब्याचं कडं माझ्या बटणांच्या डब्यात असतं. लेकीला ते फार आवडतं. दुपारी ती डबा उपडा करते, कडं हातात घालते आणि मला जरा लिहायला वेळ मिळतो. आजही ती तेच करत होती. मग घरातला उजेड बदलला. मी वर पाहिलं तर ती गॅलरीत होती, कठड्याच्या गजांना धरून, हातात कडं, तोंड आभाळाकडे. लांब कुठेतरी गुरगुरलं. ती हसली, कुणीतरी काही वाजवल्यासारखं.

मी दारापर्यंत गेले आणि थांबले. खालच्या मजल्यावरून, समोरच्या इमारतीतून हाका सुरू झाल्या होत्या. सोलापुरातही आज अंधारून आलं असेल, सकाळी नकाशावर मीच पाहिलं होतं. तिथे एखाद्या चाळीत एक मुलगी असेल, आता कॉलेजला जाणारी. दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली असेल, आणि काढता काढता आभाळाकडे बघत रेंगाळली असेल. तिला काही ठाऊक नसेल. घोट्यावर काही खूण उरली नसेल. पोरीनं असं उघड्यावर उभं राहू नये, पायाळू असो नसो, कुणाच्याच पोरीनं राहू नये. एवढंच खरं होतं, आणि त्या दिवशी तेवढंच सांगायचं राहून गेलं.

कुणीतरी तिला हाक मारली असेल. नक्की मारली असेल.

"आत ये गं," मी म्हटलं. माझ्या आवाजाला माझ्या लेकीनं मागे वळून पाहिलं, कारण तो फार मोठा लागला होता. चार घरांपलीकडे ऐकू जावा इतका.